पंगस माशाची पांढरी विष्ठा परत परत येतेय? प्रोबायोटिकचा पुढचा पुडा फोडायच्या आधी हे बघा

मंडळी, गेल्या हिवाळ्यात हा एकच प्रश्न इतक्या जणांनी फोनवर विचारलाय की म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढू. प्रश्न साधारण असा असतो, "दादा, पंगस खाद्यावर येईना, कोपऱ्यात पांढरी दोऱ्यासारखी शी तरंगतीय, रोज चार-पाच मरत्यात, दुकानदारानं प्रोबायोटिक दिलं, आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि आता परत तेच, दुसऱ्या कंपनीचं आणू का?" माझं उत्तर, नका आणू, निदान आज तरी नको. (प्रोबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंची पावडर, पोट सुधारायला देतात ती.) मी स्वतः तीन कंपन्यांचे पुडे फिरवून बसलोय, चौदा महिन्यांत तीनदा हाच त्रास झाला, आणि शेवटी घोळ कुठं सापडला ते सांगितलं तर हसाल, तरी सांगतो, कारण तसलाच घोळ मी नंतर बऱ्याच तळ्यांवर बघितला.

आमचं तळं इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून जरा आत. ३० बाय ३० चं, ३ मीटर खोल, कागद टाकलेलं, म्हणजे काठोकाठ भरलं तर साधारण २२ लाख लिटर पाणी. त्यात ५००० पंगस. पहिल्यांदा त्रास आला तेव्हा मासा ४०० ग्रॅमच्या आसपास होता, म्हणजे पाण्यात दोन टन माल आणि २ टक्क्यांनी रोज ४० किलो खाद्य. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणारेत.

पहिल्या वेळी मी तेच केलं जे सगळे करतात. दुकानातून अँटिबायोटिकची पावडर आणली, खाद्याला चोळून पाच दिवस दिली, मर थांबली, मी खूश. तिसऱ्या आठवड्यात परत पांढरे दोरे. मग दुकानदार म्हणाला की आता पोट सुधारायला प्रोबायोटिक द्या. दिलं. बरं वाटलं. दीड महिन्यानं परत. तोपर्यंत बायको म्हणायला लागली की माशांपेक्षा पुड्यांचाच खर्च जास्त दिसतोय, आणि ते काय फारसं खोटं नव्हतं.

आता जरा पोटात काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. माशाच्या आतड्यात जंतूंची एक वस्ती असते, आपल्या पोटात असते तशीच. त्यातले काही चांगलं काम करतात, उदाहरणार्थ चिलापीला खाद्यातून बी-१२ जीवनसत्त्व दिलं नाही तरी चालतं, कारण तिच्या आतड्यातले जंतूच ते बनवून देतात. काही नुसतेच बसलेले असतात. आणि काही संधी बघत असतात, त्यातला आपल्याला माहीत असलेला म्हणजे एरोमोनास. हा कुठून बाहेरून येत नाही बरं का, तो गोड्या पाण्यात कायम असतो आणि धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो, घरातलाच आहे. बाकीची वस्ती भरलेली असली की तो गप असतो. अँटिबायोटिक मारलं की सगळी वस्ती पातळ होते, जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत पहिला कोण घुसतो? जो भराभर वाढतो तो. म्हणून औषध बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्रास परत येतो तेव्हा औषध कमी पडलं असं म्हणून डोस वाढवायला जाऊ नका. त्यातून कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर आपल्याकडं २०१९ पासून खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत बंदी आहे, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यपालनात त्याच्याही आधीपासून बंद, पण लेबल नसलेल्या डब्यात काय असतं हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता मुद्द्याला येतो. पांढरी विष्ठा दिसली म्हणजे आपल्याला एवढंच कळलं की आतड्यातून खाद्याऐवजी नुसता चिकट स्राव बाहेर पडतोय. मासा नीट खात असेल तर विष्ठा खाद्याच्या रंगाची, तपकिरी. पण का खात नाही, का पचत नाही, ते विष्ठा बघून कळत नाही. त्याला मासा फाडावा लागतो.

मासा फाडा, पण मेलेला नको

तरंगणारा मेलेला मासा फाडून काही उपयोग नाही, आपल्याकडच्या उन्हात तो अर्ध्या तासात आतून बिघडायला लागतो आणि मग सगळंच सडकं दिसतं. सुस्त फिरणारा, काठाला येऊन उभा राहणारा, पण जिवंत, असा मासा हातजाळीनं काढा, दोन-तीन घ्या, आणि जमलं तर एक चांगला खाणाराही घ्या, शेजारी ठेवून बघायला. कात्री गुदद्वाराकडून पुढं चालवा, टोक वर धरून, नाहीतर आतडं फुटेल.

मी पहिल्यांदा फाडला तेव्हा सगळ्यात आधी नजरेत भरलं ते पित्ताशय, गर्द हिरवं, टरारलेलं, अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठं. म्हणजे मासा दोन-तीन दिवस तरी जेवलेला नाही, कारण खाल्लं की पित्त आतड्यात उतरतं आणि पिशवी रिकामी होते. आतडं पातळ झालेलं, प्लास्टिकच्या पिशवीसारखं आरपार दिसणारं, आत पिवळसर पाणी आणि शेंबडासारखं काहीतरी. शेजारच्या चांगल्या माशाचं आतडं जाड, आत तपकिरी लगदा. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की कुणी समजवायची गरज उरत नाही.

यकृत, मूत्रपिंड आणि प्लीहा नीट बघा. त्यांच्यावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके असतील तर इथंच थांबा, तो वेगळा आजार असू शकतो, एडवर्डसिएला नावाच्या जंतूचा. पंगसचं माहेर म्हणजे मेकाँग नदी, तिथं व्हिएतनामच्या शेतकऱ्यांना या रोगानं फार रडवलंय. त्यात प्रोबायोटिक चोळत बसणं म्हणजे वेळ घालवणं, थेट प्रयोगशाळा गाठा. यकृत फिकट पिवळं, पिठूळ दिसत असेल तर खाद्यावर संशय घ्या, त्याचं पुढं येतंच. आतड्यात दोऱ्यासारखे किंवा चपटे जंत दिसले तर ते काम जंतनाशकाचं. आतड्यातला चिकट स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघता आला तर अजून उत्तम, वळवळणारे परजीवी दिसतात, ते पांढऱ्या विष्ठेचं एक नेहमीचं कारण आहे. तपासायला नागपूर आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत, कोकणवाल्यांना रत्नागिरीचं शिरगाव, मुंबईला वर्सोव्याला सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. मासा जिवंत न्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, आणि ते जमत नसेल तर बर्फात, पण फ्रीजरमध्ये गोठवून नको. आणि न्यायच्या आधी औषध मारू नका, नाहीतर तपासणीत जंतूच सापडत नाही आणि मग आपणच म्हणतो की लॅबवाल्यांना काही कळत नाही.

माझ्या माशांत ठिपके नव्हते, जंत नव्हते. नुसतं उपाशी, सुजलेलं, पातळ आतडं. म्हणजे पुढं शोधायचं.

पाणी बघायचं ते पहाटे

दुपारी तीनला पाणी तपासून "सगळं ओके" म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. शेवाळाचं पाणी असेल तर दुपारी ऑक्सिजन भरपूर असतोच, सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या आधी. पंगसच्या बाबतीत आपण अजून फसतो, कारण तो वर येऊन हवा गिळतो, मरत नाही, म्हणून वाटतं याला ऑक्सिजनचं काही पडलेलं नाही. जगतो, खरंय, पण खाणं कमी करतो, आणि जेवढं खातो तेही अंगी लागत नाही. पहाटे ऑक्सिजन लिटरला ३ मिलीग्रॅमच्या खाली असेल तर त्या सकाळचं खाद्य टाकूच नका.

अमोनिया तपासताना पीएच शेजारी लिहा, नुसत्या अमोनियाच्या आकड्याला काही अर्थ नाही. तोच अमोनिया पीएच ७ ला असेल तर त्यातला विषारी भाग १ टक्क्याच्या आसपास, आणि ३० अंशांच्या पाण्यात पीएच ९ झाला की तोच भाग ४० टक्क्यांच्या वर जातो. शेवाळ दाट असलं की संध्याकाळी पीएच चढतो, आणि आपण संध्याकाळचं खाद्य बरोबर त्याच वेळी टाकतो. माझ्याकडं हा त्रास थोडा होता, फार नव्हता. पाणी ठीकठाक निघालं म्हणून मी आणखीनच चक्रावलो.

वहीनं दाखवलं

आमच्याकडं तात्या आहेत, तळ्यावर राखणीला, सत्तरी गाठलेले. ते रोज किती खाद्य टाकलं ते वहीत लिहितात, पहिल्यापासून. माझी मुलगी आठवीत आहे, तिला शाळेचा काहीतरी प्रकल्प होता म्हणून तिनं सकाळ-संध्याकाळ पाण्याचं तापमान लिहायला सुरुवात केली होती. एके रात्री दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि मला घामच फुटला. तापमान २७ वरून चार दिवसांत २१ वर आलेलं, आणि तात्यांच्या वहीत चारही दिवस ४० किलो, ४० किलो, ४० किलो, ४० किलो. नवव्या दिवशी पहिले पांढरे दोरे. मागं जाऊन बघितलं, तर आधीच्या दोन्ही वेळेला तापमान लिहिलेलं नव्हतं, पण तारखा बघितल्यावर आठवलं, एकदा अवकाळीचं आभाळ पाच दिवस होतं, आणि एकदा पावसाळा नुकताच लागला होता. तिन्ही वेळा खाद्य एक किलोनंही कमी केलेलं नाही.

तात्यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही तक्ता दिलता, तक्त्यात चाळीस व्हतं." बरोबरच होतं त्यांचं, तक्ता मीच खाद्याच्या पोत्यावरून उतरवून दिला होता.

माशाचं अंग पाण्याएवढंच गरम किंवा थंड, त्यामुळं पाणी गार झालं की पचन मंदावतं. पंगस २६ ते ३० अंशांत मजेत खातो, त्याच्या खाली हळूहळू सुस्त होतो. आधीचं पचलेलं नसताना वरून नवीन घास, मग अर्धवट पचलेलं अन्न आतड्याच्या मागच्या भागात जाऊन साचतं, आणि तिथं जी वस्ती आहे तिला फुकटची पंगत. त्यातून आतड्याला सूज, मग खाणं बंद, मग पांढरे दोरे. आभाळाच्या दिवसांत तापमान टिकलं तरी ऑक्सिजन कमी पडतो, कारण शेवाळाला ऊन मिळत नाही, परिणाम तोच.

आता आमच्याकडं नियम साधा आहे. पाणी २४ च्या खाली गेलं की खाद्य निम्मं आणि तेही उन्हं वर आल्यावर, दुपारी बारा-एकच्या सुमारास. २० च्या खाली बंद. आभाळ असेल तर निम्मं. आणि तक्त्यात काहीही लिहिलेलं असो, २० मिनिटांनी दाणे तरंगत असतील तर पुढच्या वेळी कमी. दोन-चार दिवस उपास पडला म्हणून पंगस मरत नाही हो, आपल्याच जिवाची घालमेल होते.

पोतं हुंगा

हा भाग जरा लाजिरवाणा आहे. खाद्याची पोती मोटारीच्या खोलीत, भिंतीला टेकून, थेट फरशीवर. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते हे मला माहीत होतं, पण पोतं वरून कोरडं दिसायचं. खालचं पोतं फोडून हात आत घातला तर दाणे हाताला गार, जरा चिकट, आणि जुन्या गोधडीसारखा कुबट वास. बुरशी लागली की त्यात अफलाटॉक्सिन तयार होऊ शकतं, ते यकृतावर बसतं. शेंगदाणा पेंड आणि मक्यात याचा धोका जास्त, त्यामुळं जे लोक घरी खाद्य बनवतात त्यांनी पेंड घेताना जपा. भाताचा कोंडा साठवला तर त्यातलं तेल खवट होतं, तेही आतड्याला चांगलं नाही. लाकडी फळ्या टाकून पोती जमिनीपासून वीतभर वर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, आणि महिन्याभरात संपेल एवढंच आणा. क जीवनसत्त्वही साठवणीत उडत जातं, आणि बहुतेक माशांना ते अंगात बनवता येत नाही, खाद्यातूनच मिळावं लागतं.

आणि आता तो घोळ

प्रोबायोटिक मी कसं देत होतो ऐका. संध्याकाळी तात्या आणि मी दुसऱ्या दिवसाचं खाद्य मोठ्या निळ्या ड्रममध्ये ओतायचो, बादलीत गूळ आणि पावडर कालवायची, चांगलं भरपूर पाणी, ते ड्रमवर ओतायचं, फावड्यानं हलवायचं आणि झाकण लावून रात्रभर ठेवायचं, म्हणजे "मुरतं". सकाळी झाकण उघडलं की ताडीसारखा वास यायचा, आणि मला वाटायचं वा, जंतू जागे झाले. एकदा मुलीनं मधोमध हात घातला आणि म्हणाली, "बाबा, हे कोमट लागतंय." ड्रम रिकामा करून तळ बघितला, तर चिकटलेल्या दाण्यांवर करड्या-हिरव्या रंगाची लव. रोज धुतच नव्हतो आम्ही तो ड्रम. म्हणजे पोट सुधारायला जे देत होतो त्यातूनच रोज थोडी बुरशी पाजत होतो.

एवढ्यावर भागलं नाही. बादलीतलं पाणी कुठलं? ग्रामपंचायतीच्या नळाचं, ज्याला आमच्याकडं टीसीएलचा वास नाकात जातो इतका असतो. जंतू मारायची पावडर टाकलेल्या पाण्यात जंतूंची पावडर कालवत होतो! लॅक्टोबॅसिलससारखे नाजूक त्यात टिकणं अवघड, बॅसिलसचे बीजाणू जरा चिवट असतात ते काही वाचले असतील. आता विहिरीचं पाणी वापरतो. नळाचंच वापरायचं असेल तर उघड्या भांड्यात एक-दोन दिवस उन्हात ठेवून वास गेल्यावर वापरा. आणि ज्या आठवड्यात तळ्यात पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंग मारलंय त्याच आठवड्यात पाण्यात टाकायचं प्रोबायोटिक टाकू नका, पैसे पाण्यात जाणं म्हणजे काय ते तेव्हा कळतं.

आता बरोबर पद्धत. १ किलो खाद्याला ५ ग्रॅम पावडर, २० ते ३० मिली पाणी, त्यात चिमूटभर गूळ चिकटायला. ओतायचं नाही, फवारणीच्या छोट्या पंपानं शिंपडायचं, खाद्य कागदावर पसरून. अर्धा तास सावलीत. वरून किलोला १० मिली सोयाबीन तेलाचा हात फिरवायचा म्हणजे पाण्यात पडल्या पडल्या धुऊन जात नाही. आणि त्याच दिवशी, खरं तर दोन-तीन तासांत संपवायचं. एकाच वेळच्या खाद्याला लावलं तरी पुरतं.

पुड्यामागचं वाचा, आणि थोडं गणित करा

पुड्यावर मासा उड्या मारताना दाखवलेला असतो, तिकडं बघू नका, मागं बघा. जंतूचं पूर्ण नाव हवं, बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, असं. "उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण" एवढंच असेल तर परत ठेवा. मग संख्या, सीएफयू, म्हणजे जिवंत जंतू किती, प्रति ग्रॅम. अभ्यासांमध्ये साधारणपणे खाद्याच्या एका ग्रॅममध्ये दहा लाखांपासून शंभर कोटींपर्यंत जंतू जातील असं देतात. तुमच्या पुड्यावर ग्रॅमला १०० कोटी लिहिलं असेल आणि किलोला ५ ग्रॅम लावलं तर एक ग्रॅम खाद्यात ५० लाख जातात, ठीक आहे. पण पुड्यावर ग्रॅमला १० लाखच असतील तर तेवढ्याच ५ ग्रॅमनं एका ग्रॅम खाद्यात जातात ५०००. पुडा दिसायला तेवढाच, वासही तोच.

हेच गणित पाण्यात टाकायच्या प्रोबायोटिकला लावा. १०० कोटीवाला १ किलोचा पुडा आमच्या २२ लाख लिटरमध्ये टाकला तर एका मिलीलिटरला साडेचारशेच्या आसपास जंतू येतात. तळ्याच्या त्याच मिलीलिटरमध्ये आधीचे लाखोंनी असतात. म्हणून मी पोटासाठी म्हणून पाण्यात टाकत नाही, जे काय द्यायचं ते तोंडावाटे.

बॅसिलसवाले मला जास्त पटतात, कारण त्यांचे बीजाणू उष्णता आणि पोटातलं आम्ल दोन्ही सोसतात आणि दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढून येतात. लॅक्टोबॅसिलस चांगलाच आहे पण त्याला थंड साठवण लागते, आणि आपल्याकडं दुकानात फ्रीज असतो तो कोल्ड्रिंकसाठी. ताक-दही घालणारे पुष्कळ आहेत, काही नुकसान नाही, फक्त त्यात जंतू किती ते मोजमाप नसतं आणि खाद्य उगाच ओलं होतं. लसूण मी देतो, किलोला ५ ग्रॅम वाटून, रोहूवर लसणाचे प्रयोग झालेत आणि फायदा दिसलाय, आणि सुस्त मासाही त्या वासाला जरा वर येतो असा माझा अनुभव. यीस्टच्या पेशीभिंतीतलं बीटा-ग्लुकन आणि मॅनन हे जंतू नव्हेत, पण प्रतिकारशक्तीला आणि वस्तीला आधार द्यायला बरे, मात्र ते बारा महिने चालू ठेवू नका, दोन आठवडे देऊन मध्ये गॅप.

रोहू-कटलावाल्यांसाठी एक गोष्ट. या माशांना आपल्यासारखं जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात. पंगस आणि चिलापीला जठर असतं, आम्ल असतं. त्यामुळं "पोटातलं आम्ल वाढवणारं" म्हणून जे सेंद्रिय आम्लाचे डबे विकतात त्यांचा हिशोब पंगसला एक आणि रोहूला वेगळा. विकणारा दोघांना एकच डोस सांगतोय असं दिसलं तर त्याला हे विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला तिसऱ्या वेळेनंतर कळलं. आजारी मासा खात नाही. खात नाही म्हणजे खाद्याला लावलेलं काहीच त्याच्या पोटात जात नाही. आपण त्रास दिसल्यावर पुडा फोडतो, आणि तो सगळा धडधाकट मासे खाऊन टाकतात, ज्यांना त्याची तेव्हा गरज नव्हती. आठ-दहा दिवसांनी बरं वाटतं ते बऱ्याचदा हवामान सुधारल्यामुळं किंवा खाद्य आपोआप कमी गेल्यामुळं. शिवाय हे जंतू पोटात कायमचे राहत नाहीत, देणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतात. म्हणून द्यायचं ते आधी. थंडी सुरू व्हायच्या दहा-बारा दिवस आधी, पावसाळ्याच्या तोंडावर, बीज सोडल्यावर, जाळं ओढायच्या आधी, आणि अँटिबायोटिक खरंच डॉक्टरनं सांगून द्यावं लागलं असेल तर त्याचा कोर्स संपल्यावर. कोर्स चालू असताना दोन्ही एकत्र चोळणं म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं तणनाशक मारायचं.

आज जर कुणाच्या तळ्यात पांढरे दोरे दिसत असतील तर मी असं करीन. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. त्या दोन दिवसांत मासा फाडून बघणं, पहाटेचं पाणी, पोत्यात हात. तळाशी साचलेलं काढता येत असेल तर काढणं आणि जमेल तेवढं पाणी बदलणं, एकदम निम्मं नको, रोज थोडं थोडं. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या पाव हिश्श्यानं नवीन पोत्यातलं खाद्य, दुपारी, खातोय का बघत. खायला लागला की मग त्याला प्रोबायोटिक, दोन आठवडे, खाद्य हळूहळू वाढवत. मर तरीही वाढत असेल किंवा अंगावर लाल चट्टे, फुगलेलं पोट, बाहेर आलेले डोळे दिसत असतील तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि मासा घेऊन लॅबला जा.

आमच्याकडं गेला हिवाळा नीट गेला. पांढरे दोरे एकदा दिसले, तीन-चारच, आभाळाच्या दिवसांत, दीड दिवस खाद्य बंद ठेवलं आणि मिटलं. पुडा त्या वेळी फोडलाच नाही.

फोनवर हमखास येणारा शेवटचा प्रश्न, कुबट झालेलं खाद्य उन्हात खडखडीत वाळवून वापरलं तर? नाही. उन्हानं बुरशी मरेल, वास जाईल, पण तिनं आधी तयार केलेलं विष उन्हानं जात नाही, दाणा कोरडा दिसतो म्हणून तर आपण अजून फसतो. आमची सात पोती निघाली तशी, २० किलोची एकेक. कोंबड्यांनाही नको, गुरांनाही नको म्हणून खड्डा काढून पुरली. तात्या अजून तिथून जाताना थांबतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात एकशेचाळीस किलोचा हिशोब करतात.